चारी लावले की सरळ

खरमाटे गुरुजींची पांढरी गाडी तिसऱ्यांदा आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीतून आत आली तेव्हा तिचे चारी इंडिकेटर चालू होते, त्यामुळे चूक भिंतीची होती. भिंतीनंही ते मान्य केलं. ती दोन्हीकडे सरकली, गाडी आत आली, आणि मागून भिंत परत आपल्या जागी गेली. कॅलेंडर तेवढं तिरकं झालं.

माझी बायको इंदू खाली बसून मटार सोलत होती. तिनं पाय जवळ ओढले आणि सूप उचलून मांडीवर घेतलं.

"मागच्या खेपेला निदान हॉर्न तरी दिला होता," ती म्हणाली.

गुरुजींनी काच खाली केली. "चुकलं वहिनी. पण आता हॉर्न वाजवायचाही कंटाळा येतो."

त्यांनी ब्रेकवर पाय दाबून धरला होता. गाडी थांबायचं तेवढं अजून ऐकत होती. वळायचं ऐकत नव्हती. एकोणचाळीस दिवसांपूर्वी गुरुजी घरून चष्म्याची काडी बसवून आणायला निघाले, चौकात सरळ जायचं म्हणून त्यांनी चारी दिव्यांचं बटण दाबलं, आणि ते दिवे बंद झालेच नाहीत. तेव्हापासून ते सरळ चालले होते. तेरा दिवसांत एक फेरी व्हायची.

"स्टिअरिंग फिरतं," पहिल्या खेपेला त्यांनी मला सांगितलं होतं. "रस्ता फिरत नाही."

"मग उतरून चालत जावं माणसानं."

"तेही करून पाहिलं. पायही सरळच जातात. मग म्हटलं, बसून जाणं बरं."

गुरुजींनी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सरळ जात राहिलं की माणूस निघाला तिथंच परत येतो, हे त्यांनी निम्म्या तालुक्याला फळ्यावर गोल काढून समजावलेलं आहे. मध्ये काय काय लागतं ते पुस्तकात नव्हतं, असं ते आता म्हणतात. काय लागतं, असं मी विचारलं होतं. "पाणी फार लागतं," ते म्हणाले. "पण चारी चालू होते, त्यामुळे अडचण आली नाही."

आता इथं मला थोडं माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे. मी तांबट मिस्त्री. चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, सहा वर्षांपूर्वी गॅरेज बंद केलं. चारी दिवे एकदम लावायचे ते गाडी बंद पडल्यावर, मागच्यानं जपून यावं म्हणून. पुस्तकातला नियम एवढाच. पण आमच्याकडे चौकात सरळ जायचं असलं की लोक चारी लावतात. डावीकडे जाणाऱ्याला डावा आहे, उजवीकडे जाणाऱ्याला उजवा आहे, मग सरळ जाणाऱ्या बिचाऱ्यानं काय लावायचं? दोन्ही. हे मी शोधून काढलं असं म्हणणार नाही. पण नव्या गिऱ्हाइकाला बटण दाखवताना चाळीस वर्षं मीच सांगत आलो, "चारी लावले की सरळ." लोक ऐकायचे आणि विसरायचे. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

तरी पहिल्या खेपेला मी हात लावला नाही. म्हटलं, मी आता काम करत नाही, बाजारात नवी गॅरेजं पुष्कळ आहेत. "ती सगळी डाव्या हाताला आहेत," गुरुजी म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून निघून गेले. दुसऱ्या खेपेला माझी पाठ धरली होती.

प्रत्येक खेपेनंतर पुढची खोली लांब होत गेली. पहिल्या खेपेनंतर चार हात. दुसऱ्या खेपेनंतर इंदूला कोपऱ्यातला दिवा मालवायला जाताना पायात चप्पल घालावी लागायची. फ्रिजशेजारी मैलाचा दगड उगवला, 'दहिगाव फाटा ५' असा. इंदू फ्रिज पुसते तेव्हा तोही पुसून घेते.

"मिस्त्री," गुरुजी म्हणाले, "ही शेवटची खेप आहे."

"म्हणजे?"

"फाट्यावर डावीकडे तिसरं घर आमचं. मी यायच्या वेळी मालती गेटवर उभी असते. गाडी दिसली की चौकात येऊन तेरा दिवसांचे धपाटे खिडकीतून आत देते. मागच्या वेळी म्हणाली, सव्वीस दिवस मी उभी राहिले, माझे गुडघे गेले. या खेपेला वळलात तर वळलात, नाहीतर मी कुलूप लावते आणि लेकीकडे जाते. दोनच्या एसटीचं तिकीट काढलंय तिनं."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"कायमची?"

"तसं म्हणाली नाही. पण किल्ली शेजारी ठेवणार नाही, असं म्हणाली."

मी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली. पाठ दुखली. पण आता दुखण्याला अर्थ नव्हता.

फ्लॅशरचं दुखणं आधी कानानं ऐकायचं असतं. फ्लॅशर म्हणजे पत्र्याचा एक लहान डबा, अंगठ्याएवढा, खाली तीन पाय. दिवा लावायचा आणि विझवायचा, एवढंच त्याचं जन्माचं काम. एखादा बल्ब गेला की तो घाई करतो. अर्थिंग सैल असलं की पेंगतो. हा दोन्ही करत नव्हता. पेन्शनीला दोन महिने राहिलेल्या कारकुनासारखा, न चुकता आणि मन न लावता, टिक टिक करत होता.

मी फ्यूज काढला. दिवे चालूच राहिले. बॅटरीची वायर सोडवली. चालूच. मग चारी काचा उघडून बल्ब काढले. बल्ब माझ्या हातात उघडझाप करत राहिले. ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून ते इंदूच्या सुपात ठेवले, तर मटारांमध्ये ते चौघं एका तालात पिवळे होत होते.

"हे शिजवायचे नाहीत," मी म्हणालो.

"मला काय वेड लागलंय?" इंदू म्हणाली.

तेवढ्यात सोनटक्के आले. ते रस्त्यांच्या खात्यात मोजणीला आहेत. ते दारातून आले, कडी वाजवून आले, म्हणून आम्हाला जरा दचकायला झालं. त्यांच्या हातात चाकाची काठी आणि पांढऱ्या रंगाचा डबा होता.

"गाडी आत आली का बाहेर पडली?" त्यांनी विचारलं.

"आत आहे. ही काय."

"म्हणजे खेप अर्धी झाली." त्यांनी वहीत टिपलं. "तांबट, तीन खेपांना वहिवाट पडते, तुम्हाला माहीत असेलच. ही पलीकडून बाहेर पडली की हा रस्ता झाला. मग भिंती परत येणार नाहीत."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला काळे-पिवळे पट्टे मारून देऊ. म्हणजे रात्री दिसाल."

ते गुडघ्यावर बसले आणि दारापासून रेघ ओढायला लागले. हातभर रेघ, हातभर मोकळं, हातभर रेघ. मटाराच्या टरफलांवरून ब्रश गेला. इंदूजवळ आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, जरा." इंदू जरा सरकली.

मी डॅशबोर्डखाली हात घातला, फ्लॅशर चिमटीत धरला, थोडा हलवून, थोडा तिरका करून उपसून काढला. सुपातले चारी बल्ब विझले. खोलीत इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू आला. बिस्किटांच्या डब्यात माझ्याकडे नवा फ्लॅशर एकच उरला होता. तो बसवला, बॅटरी जोडली, बल्ब पुसून जागेवर लावले.

"इंदू, मागे उभी राहा."

गॅरेज चालू होतं तेव्हाही हे काम तिचंच असायचं. ती सूप खाली ठेवून गाडीमागे जाऊन उभी राहिली. गुरुजींनी डावा लावला.

"चालू," इंदू म्हणाली. "बंद. चालू. बंद. चालू."

गुरुजींनी स्टिअरिंग फिरवलं आणि पुढची चाकं करकरत डावीकडे वळली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्याला एकच काडी होती.

"मिस्त्री, वळली!"

"वळली."

"आता जाऊ?"

मी बघितलं. डावीकडे कपाट होतं. ते हललं नाही. समोर स्वयंपाकघराची भिंत होती. मघाशी ती जागा द्यायच्या बेतात होती, मधोमध बोटभर फट पडली होती. ती फट आता नव्हती. मागची भिंत तर केव्हाच मिटली होती. वळणाऱ्याला भिंत जागा देत नाही. वळणाऱ्यानं जागा बघून वळायचं असतं.

"चारी लावून काढा बाहेर," सोनटक्के रेघेवरून मान न उचलता म्हणाले.

"चारी लावले की फाट्यावर वळणार कशी?"

"तो विषय माझ्याकडे नाही."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. गुरुजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. गेले एकोणचाळीस दिवस निदान ते पुढे तरी जात होते. आता ते वळू शकत होते, आणि आमच्या पुढच्या खोलीत कोंडले गेले होते. हे काम माझ्या हातचं होतं. पहिलंही आणि हेही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुठीतला जुना फ्लॅशर अजून टिकटिकतो आहे. त्याला वायर नव्हती, बॅटरी नव्हती. तो कोमट होता, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखा. मी भिंतीजवळ गेलो आणि मूठ पुढे केली. भिंत माझ्या खांद्याइतकी सरकली. मूठ डोक्यावर धरली, तशी ती गाडीइतकी सरकली.

"सोनटक्के," मी म्हणालो, "मी पुढे पायी चाललो, माझ्यामागून ही गाडी आली, आणि गाडीमागून आमची ही आली, तर वहिवाट पडते?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. वही चाळली. "पुढं माणूस हात वर करून. मागं गाडी. मागं बाई." त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "ही मिरवणूक झाली. मिरवणुकीनं वहिवाट पडत नाही."

"मग काय लागतं?"

"परवानगी. ती पोलिसांकडे." त्यांनी रंगाच्या डब्याला झाकण लावलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "निम्मी रेघ झाली होती हो."

"चहा घेऊन जा," इंदू म्हणाली. "दूध खालच्या कप्प्यात आहे."

आम्ही निघालो. स्वयंपाकघराची भिंत बाजूला झाली, कुकर शेगडीसकट बाजूला झाला. त्यानं शिट्टी दिली नाही, आब राखून सरकला. माझ्यामागे गाडी पहिल्या गिअरमध्ये येत होती. तिच्यामागून इंदू.

"अहो, हात खाली नका आणू," ती ओरडली. "टप घासतंय."

मागची भिंत उघडली आणि आम्ही शेजारच्या जंगमांच्या न्हाणीघरात आलो. जंगम अंघोळ करत होते. त्यांनी तांब्या पुढे धरला.

"मिस्त्री, आता काय वरात काढली का?"

"एकच गाडी आहे. झालंच."

"मागच्या वेळी साबण गेला माझा चाकाखाली."

"आणून देतो," गुरुजी खिडकीतून म्हणाले.

तिथंच मला तळहातात काहीतरी बसल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. मी मूठ जराशी उघडून बघितली. फ्लॅशरचे तीन पाय माझ्या तळहातावरच्या तीन रेघांमध्ये शिरले होते, नव्या होल्डरमध्ये शिरतात तसे, घट्ट, एकाही पायाला खेळ न ठेवता. चांगलं बसलं होतं. मी स्वतः याहून चांगलं बसवलं नसतं.

त्याच वेळी उपसला असता तर कदाचित निघाला असता. पण गाडी अर्धी जंगमांच्या न्हाणीत होती आणि अर्धी आमच्या स्वयंपाकघरात. मी मूठ मिटली.

"काय झालं, मिस्त्री?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही. तापलाय जरा."

मग शिवणक्लास लागला. बायकांनी मशिनी थांबवल्या नाहीत, फक्त पाय आत घेतले. एकजण म्हणाली, "गुरुजी, ओळखलं का? नववी ब." गुरुजी म्हणाले, "खंड किती?" ती म्हणाली, "सात." गुरुजींनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर. पण लहान वाटतात गं." मग एक गोदाम, मग कुणाची तरी बंद खोली, तिथं सगळ्या सामानावर चादरी होत्या आणि चादरी आमच्यासाठी आपण होऊन बाजूला झाल्या. चालून चालून माझे पाय भरून आले होते. पाठ तर केव्हाच माझी राहिली नव्हती. पण थांबायची इच्छा झाली तरी पाय थांबले नाहीत. ते बरंच झालं असं मी तेव्हा म्हटलं, कारण दीड वाजून गेला होता.

पावणेदोनला आम्ही शेवटच्या भिंतीतून बाहेर पडलो आणि उन्हात दहिगाव फाटा दिसला. चार रस्ते, मधे पानाची टपरी. डावीकडच्या रस्त्यावर तिसऱ्या गेटपाशी एक बाई उभी होती. पायाशी बॅग, हातात कुलूप. तिनं आमच्याकडे बघितलं, मनगटातल्या घड्याळाकडे बघितलं, आणि गेट ओढून घ्यायला सुरुवात केली.

"मालती!" गुरुजी ओरडले.

तिनं वर बघितलं नाही. एकोणचाळीस दिवसांत तिनं हे दोनदा ऐकलं होतं.

"हाक मारू नका," मी पुढे चालता चालता म्हणालो. "डावा लावा."

गुरुजींनी डावा लावला. मागून इंदूचा आवाज आला, भर चौकात, गॅरेजमध्ये यायचा तसाच, कोरडा आणि खणखणीत.

"चालू. बंद. चालू. बंद."

त्या आवाजानं मालतीबाईंनी मान वर केली. कुलूप कडीत अर्धं अडकलेलं होतं. मी चौक ओलांडून पुढे गेलो आणि मान मागे करून पाहिलं. पांढरी गाडी हळूहळू तिरकी झाली, मग आणखी तिरकी झाली. तिची उजवी बाजू पूर्ण दिसली. मागचं दार, पेट्रोलचं झाकण, समुद्राच्या पाण्यानं आलेला मिठाचा पट्टा. नवा फ्लॅशर काय सुरेख चालला होता. वळून झाल्यावर डावा आपसूक बंदही झाला.

मालतीबाईंनी कुलूप काढून बॅगेत टाकलं आणि गेट उघडलं.

"आधी अंघोळ करून घ्या," त्या म्हणाल्या. "पाणी काढलंय."

गुरुजी उतरले. दोन पावलं चालून थांबले, मग डावीकडे एक पाऊल टाकून पाहिलं, मग उजवीकडे एक. मालतीबाई म्हणाल्या, "नाच नंतर करा." दोघं आत गेली.

काम झालं होतं. मी घरी जायला म्हणून वळलो. वळलो असं मला वाटलं. पण चौक माझ्या पाठीमागेच होता आणि इंदू चौकात उभी होती. मी डाव्या हातानं फ्लॅशर धरला आणि ओढला. थोडा हलवून, थोडा तिरका करून. हात माझाच होता, त्यामुळे बेतानं ओढला. निघाला नाही.

"अहो," इंदू म्हणाली, "कुठं निघालात? मटार तसेच पडलेत."

"येतो."

"कधी?"

"तेरा दिवस लागतात."

"ते गाडीला," ती म्हणाली. "पायी किती?"

ते मला काढता येईना, आणि भूगोलाचे गुरुजी अंघोळीला गेले होते.

ती चार पावलं माझ्यामागे आली. मग रस्त्याच्या कडेला थांबली, कारण समोर रस्ता संपत होता. मी चालत राहिलो. हात खाली होता, तरी मुठीच्या फटीतून पिवळा उजेड पडत होता आणि जात होता. पडत होता आणि जात होता.

"चालू," मागून इंदू म्हणाली. "बंद. चालू." ती आता माझ्याकडे बघून सांगत होती. तिच्या आवाजात काही फरक नव्हता. तो फक्त लहान होत गेला.

समोर कुणाचं तरी निळं घर होतं. त्याची भिंत बाजूला झाली. आत पाच माणसं जेवायला बसली होती. त्यांनी मान वर न करता आपापली ताटं थोडी थोडी सरकवून घेतली. मधोमध, नेमका माझ्या वाटेवर, सहावा रिकामा पाट मांडलेला होता आणि त्याच्यासमोर वाढून ठेवलेलं ताट होतं, भातातून अजून वाफ येत होती. ते मात्र कुणी सरकवलं नाही.